समुद्रतळाच्या चिखलातले आकाशकंदील : चॅलेंजर जहाज, हेकेल आणि १४० चित्रं

पिंटरेस्टवर, इन्स्टावर किंवा एखाद्या कॅफेच्या भिंतीवर तुम्ही हे चित्र पाहिलं असेल. एका पानावर दहा-बारा आकृत्या नेटक्या मांडलेल्या असतात. एखादी जाळीदार चेंडूसारखी, एखादी काटेरी मुकुटासारखी, तर एखादी थेट दिवाळीत गॅलरीत टांगलेल्या आकाशकंदिलासारखी. मोबाईल कव्हरवर, टी-शर्टवर, टॅटूमध्ये हीच डिझाइन्स फिरत असतात. आणि आजकाल अशा पोस्टखाली कुणी ना कुणी विचारतंच, "हे एआयने बनवलंय का?"

नाही. यातली बरीचशी चित्रं सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची आहेत. त्यातला प्रत्येक आकार हा समुद्रात राहणाऱ्या एकाच पेशीच्या जिवाचा सांगाडा आहे. मीठ-साखरेच्या कणाएवढा, बऱ्याचदा त्याहूनही लहान. त्यातले हजारो नमुने एका जहाजाने साडेतीन वर्षं समुद्र पालथा घालून गोळा केले आणि एका माणसाने दहा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून ते जगासमोर आणले.

त्याच माणसावर पुढे चित्रांमध्ये फसवणूक केल्याचा आरोपही झाला. म्हणूनच ही गोष्ट नुसत्या सुंदर चित्रांची राहत नाही. विज्ञानात चित्र हा पुरावा असतो, आणि पुरावा फार सुंदर दिसत असेल तर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्नही तिच्यात आहे.

तोफा काढल्या आणि बाटल्या भरल्या

गोष्ट सुरू होते १८७२ साली. त्या काळी खोल समुद्राविषयी माणसाला जवळपास काहीच ठाऊक नव्हतं. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने तर काही दशकांपूर्वी असं मांडलं होतं की साधारण ३०० वाव, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. तिथे उजेड नाही, पाण्याचा दाब भयंकर, मग कोण जगणार? पण पुढच्या काळात खोल समुद्रातून जिवंत प्राणी वर येऊ लागले आणि या कल्पनेला तडे गेले. समुद्राखालून टेलिग्राफच्या तारा टाकण्याचं कामही जोरात सुरू होतं. त्यामुळे तळाशी नेमकं काय आहे हे कळणं सरकारच्या दृष्टीनेही कामाचं होतं.

मग लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि ब्रिटिश नौदलाने मिळून एक मोहीम आखली. त्यासाठी एचएमएस चॅलेंजर ही युद्धनौका निवडली गेली. तिच्यावर १७ तोफा होत्या. त्यातल्या दोन ठेवून बाकीच्या उतरवल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रयोगशाळा, काम करायच्या खोल्या, बाटल्या, स्पिरिट आणि मैलोनमैल दोर भरला. डिसेंबर १८७२ मध्ये जहाज इंग्लंडहून निघालं. वर सुमारे २४० माणसं होती आणि त्यात शास्त्रज्ञांचा गट जेमतेम सहा जणांचा. प्रमुख होते चार्ल्स वायव्हिल थॉमसन. त्यांच्यासोबत जॉन मरे, हेन्री मोसली, रुडॉल्फ फॉन विलेमोस-सूम हे निसर्गशास्त्रज्ञ, जॉन बुकॅनन हे रसायनशास्त्रज्ञ आणि जे. जे. वाइल्ड हे चित्रकार. मोहिमेच्या शास्त्रज्ञांत चित्रकार असणं त्या काळी गरजेचंच मानलं जायचं.

काम कसं चालायचं? ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबवायचं. जड वजन लावलेला दोर सोडून खोली मोजायची. दोराच्या टोकाला पोकळ नळी असायची, ती तळात रुतली की तिच्यात चिखल भरून यायचा. मग लोखंडी चौकटीला बांधलेली जाळीची पिशवी तळावरून ओढायची, वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान घ्यायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे. पृष्ठभागाजवळ बारीक कापडाची जाळी फिरवायची. खोल समुद्रात या सगळ्यात अख्खा दिवस जायचा. असं त्यांनी ३६२ ठिकाणी केलं. शास्त्रज्ञांना प्रत्येक वेळी उत्सुकता असायची, पण खलाशांसाठी ते तेच ते कंटाळवाणं काम होतं. बरेच जण बंदरात उतरले ते परत आलेच नाहीत. विलेमोस-सूम यांचा तर १८७५ मध्ये प्रवासातच आजाराने मृत्यू झाला.

मार्च १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये दोर ४,४७५ फॅदम खाली गेला. फॅदम म्हणजे कोकणातले मच्छीमार ज्याला वाव म्हणतात जवळपास तेच, साधारण सहा फूट. म्हणजे आठ किलोमीटरपेक्षा जास्त खोली. जगातली सगळ्यात खोल जागा याच परिसरात आहे आणि तिला आज 'चॅलेंजर डीप' म्हणतात.

मे १८७६ मध्ये जहाज परतलं तेव्हा ते सुमारे ६९,००० सागरी मैल फिरून आलं होतं. त्याच्या पोटात हजारो बाटल्या, डबे आणि काचपट्ट्या होत्या.

चिखलात नेमकं होतं काय?

तळातून आलेला चिखल दिसायला साधाच. लालसर, तपकिरी, कधी पिठासारखा पांढरट. पण तो धुऊन मायक्रोस्कोपखाली धरला की त्यात जाळीदार गोळे, घंटा, टोप, चांदण्या आणि भाले दिसू लागत. हेच ते रेडिओलॅरिया.

रेडिओलॅरिया हे प्राणीही नाहीत आणि वनस्पतीही नाहीत. ते एकपेशीय जीव आहेत, समुद्राच्या पाण्यासोबत वाहत राहणारे. अशा वाहत्या जिवांना मराठीत प्लवक म्हणतात. त्यांच्या पेशीतून किरणांसारखे बारीक धागे चहूबाजूंना बाहेर येतात. त्या धाग्यांनी ते आणखी लहान जीव पकडून खातात. काहींच्या शरीरात सूक्ष्म शैवालं भाडेकरूसारखी राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न बनवतात आणि घरमालकाला त्यातला वाटा देतात.

आता मुद्दा सांगाड्याचा. बहुतेक रेडिओलॅरिया समुद्राच्या पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून घेतात आणि तिच्यापासून सांगाडा बनवतात. वाळूत आणि काचेत मुख्यतः असते तीच ही सिलिका. म्हणजे हे अक्षरशः काचेचे सांगाडे. काहींमध्ये तर एका जाळीदार गोळ्याच्या आत दुसरा आणि त्याच्या आत तिसरा गोळा असतो. सगळे एकमेकांना बारीक दांड्यांनी जोडलेले.

जीव मेला की सांगाडा हळूहळू तळाकडे जातो. त्याच्यासोबत फोरॅमिनिफेरा नावाच्या दुसऱ्या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचंही खाली जात असतात. पण समुद्र फार खोल असेल तर साधारण चार ते पाच किलोमीटरच्या खाली चुना पाण्यात विरघळून जातो. थंडी, दाब आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड यांमुळे तिथे चुना टिकत नाही. काचेचे सांगाडे मात्र बऱ्याच प्रमाणात टिकतात. म्हणून मध्य पॅसिफिकसारख्या खोल भागांत तळावर रेडिओलॅरियाच्या सांगाड्यांनी भरलेला चिखल साचलेला आढळतो. चॅलेंजरच्या नळीत आला तो हाच.

जहाजावर कधीच न गेलेला माणूस

परतल्यावर एडिनबरामध्ये या नमुन्यांची वाटणी सुरू झाली. थॉमसन यांनी ठरवलं की ज्या गटाचा जो जगातला उत्तम जाणकार असेल, त्यालाच तो नमुना द्यायचा, मग तो कुठल्याही देशाचा असो. काही ब्रिटिश शास्त्रज्ञांना हे आवडलं नाही, पण थॉमसन मागे हटले नाहीत. रेडिओलॅरियाचं काम जर्मनीतल्या येना शहरात गेलं. तिथल्या प्राध्यापकाचं नाव होतं अर्न्स्ट हेकेल.

हेकेलचा जन्म १८३४ चा. शिक्षण डॉक्टरकीचं, पण मन रमायचं चित्रकलेत आणि समुद्री जिवांत. पंचविशीत तो इटलीला गेला आणि तिथे काही काळ विज्ञान सोडून चित्रकारच व्हावं असं त्याच्या मनात आलं. मग सिसिलीतल्या मेसिनाच्या किनाऱ्यावर त्याला रेडिओलॅरिया भेटले आणि दोन्ही आवडी एकाच ठिकाणी मिळाल्या. त्या एका मुक्कामात त्याने शंभराहून जास्त नव्या प्रजाती शोधल्या. १८६२ मध्ये त्यावर त्याचा चित्रांसह मोठा ग्रंथ आला. पुढे त्याने तो डार्विनला पाठवला आणि डार्विन तो पाहून थक्क झाला.

हेकेलच्या आयुष्यातली एक तारीख मात्र चटका लावून जाते. १६ फेब्रुवारी १८६४. त्याचा तिसावा वाढदिवस. याच ग्रंथासाठी मोठा सन्मान मिळाल्याची बातमी त्याला त्या दिवशी कळली आणि त्याच दिवशी त्याची पत्नी अ‍ॅना हिचा मृत्यू झाला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे एका जेलीफिशच्या लांब, वाहत्या शुंडकांत त्याला अ‍ॅनाचे केस दिसले आणि त्याने तिचं नाव त्या जिवाला दिलं.

असा हा माणूस चॅलेंजरच्या चिखलाला भिडला. हे काम दहा वर्षं चाललं. १८८७ मध्ये अहवाल छापून आला तेव्हा त्यात १,८०० हून अधिक पानं मजकूर आणि १४० चित्रपानं होती. एकूण ४,३१८ प्रजातींचं वर्णन होतं आणि त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त प्रजाती विज्ञानाला पूर्णपणे नव्या होत्या.

या दहा वर्षांत त्याने एक मोठी सुट्टी घेतली. १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये तो बोटीने मुंबईला उतरला, आठवडाभर राहिला आणि मग सिलोनला गेला. तिथल्या एका किनारी गावात त्याने प्रयोगशाळा थाटून समुद्री जीव गोळा केले. या प्रवासावर त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यात मुंबईच्या त्या आठवड्याचंही वर्णन आहे.

फोटो का नाही काढले?

हा प्रश्न कुणालाही पडेल. कॅमेरे तर तेव्हा होते, चॅलेंजर जहाजावरही होता. मग हातानेच चित्रं का?

याचं उत्तर मायक्रोस्कोपमध्ये आहे. मोबाईलने एखाद्या फुलाचा अगदी जवळून फोटो काढला की पुढची पाकळी स्पष्ट येते आणि मागचं सगळं धूसर होतं. मायक्रोस्कोपमध्ये हेच कित्येक पट जास्त होतं. जाळीदार गोळ्याचा वरचा पृष्ठभाग फोकसमध्ये आला की मधला गोळा गायब आणि मधला दिसला की वरचा पुसट. एका फोटोत अख्खा जीव मावतच नाही.

माणूस मात्र फोकसचा स्क्रू वरखाली फिरवत एकेक थर पाहू शकतो, तो डोक्यात साठवू शकतो आणि कागदावर सगळे थर एकत्र मांडू शकतो. म्हणजे चित्रकार तिथे कॅमेऱ्याची नक्कल करत नव्हता, कॅमेऱ्याला न जमणारं काम करत होता. हेकेलला तर एक डोळा मायक्रोस्कोपमध्ये आणि दुसरा कागदावर ठेवून एकाच वेळी पाहत चित्र काढायची सवय होती. याशिवाय त्या काळी कॅमेरा ल्युसिडा नावाचं साधन वापरलं जायचं. नावात कॅमेरा असला तरी त्यात फिल्म वगैरे काही नसते. त्यातल्या लोलकामुळे मायक्रोस्कोपमधली प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसते आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवून प्रमाणबद्ध रेखाटन करता येतं.

पण कागदावर चित्र काढून काम संपत नव्हतं, ते छापायचंही होतं. इथे येतो या गोष्टीतला कमी बोलला जाणारा माणूस, अडोल्फ गिल्च. तो येनामधला शिळाछापाचा कारागीर. शिळाछापाचं तत्त्व साधं आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात आणि मग दगड ओला करतात. छपाईची शाई तेलकट असल्याने ती फक्त चित्रावर चिकटते, ओल्या भागावर नाही. महाराष्ट्राला हे तंत्र परकं नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरी पोहोचलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतीही याच तंत्राने छापलेल्या. त्यासाठीची यंत्रं आणि तंत्रज्ञही जर्मनीतूनच आले होते.

दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हाच कागदावर सुलटं उमटतं. म्हणजे गिल्चला दोनशे भोकांची जाळी आरशातल्यासारखी उलटी उतरवायची होती आणि तीही एका भोकाची चूक न करता. कारण भोकं किती, काटे किती, त्यांचा कोन काय, यावरूनच तर प्रजाती ठरत होती.

चिखलातून पॅरिसच्या दरवाजापर्यंत

चॅलेंजरचा अहवाल जाडजूड होता, महाग होता आणि तज्ज्ञांसाठी होता. सामान्य वाचकांपर्यंत हे आकार पोहोचले ते १८९९ ते १९०४ या काळात. हेकेलने 'कुन्स्टफॉर्मेन डेर नाटूर' म्हणजे 'निसर्गातले कलारूप' या नावाने १०० चित्रपानं हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केली. त्यात रेडिओलॅरिया होते, जेलीफिश होते, शंख होते, अगदी वटवाघळंही होती. त्यांचेही दगड गिल्चनेच तयार केले. आज इंटरनेटवर फिरणारी बहुतेक चित्रं या संग्रहातली आहेत.

युरोपात तेव्हा आर नूवो ही वेलबुट्टीदार, निसर्गातून आकार घेणारी कलाशैली जोरात होती. तिच्या कलाकारांना या चित्रांत खजिनाच सापडला. फ्रेंच वास्तुविशारद रने बिने याने १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनाचं भव्य प्रवेशद्वार रेडिओलॅरियाच्या सांगाड्यावरून बेतलं आणि तसं हेकेलला पत्राने कळवलंही. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीचं घर लाखो माणसांनी ओलांडायची कमान झालं. मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयातली झुंबरंही हेकेलच्या चित्रांवरून घडवलेली आहेत.

चित्र खोटं बोलतं तेव्हा

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

१८६८ मध्ये हेकेलने उत्क्रांतीवर एक लोकप्रिय पुस्तक लिहिलं. त्यात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ सुरुवातीच्या अवस्थेत किती सारखे दिसतात हे दाखवायला तीन चित्रं शेजारी-शेजारी छापली होती. ती सारखी दिसणारच होती, कारण तो एकच लाकडी ठसा तीनदा छापलेला होता. रुटिमायर या शास्त्रज्ञाने ही लबाडी पकडली. हेकेलने पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त केली. पण काही वर्षांनी त्याने काढलेल्या गर्भांच्या दुसऱ्या चित्रांवरही विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने आकार बदलल्याचा आरोप केला. तरीही ती चित्रं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षं छापली जात राहिली. शेवटी १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी खऱ्या गर्भांचे फोटो शेजारी ठेवून दाखवून दिलं की हेकेलने फरक पुसून साम्य वाढवून दाखवलं होतं. उत्क्रांती खोटी ठरली असा याचा अर्थ नाही, तिचे पुरावे कितीतरी आहेत. पण हेकेलचं ते चित्र पुरावा म्हणून उभं राहत नाही.

दुसरी घटना तर चॅलेंजरशीच जोडलेली आहे. १८६८ मध्ये थॉमस हक्सली या नामवंत ब्रिटिश शास्त्रज्ञाला अटलांटिकच्या तळातून काही वर्षांपूर्वी आणलेल्या चिखलात एक बुळबुळीत पदार्थ दिसला. त्याला वाटलं की हा जीवसृष्टीचा अगदी आदिम रूपातला जीव असावा. त्याने त्याला हेकेलच्याच नावावरून 'बॅथिबियस हेकेलाय' असं नाव दिलं. हेकेल तर हरखून गेला आणि त्याने त्याची चित्रंही प्रसिद्ध केली. चॅलेंजरने मग सगळ्या महासागरांत हा जीव शोधला. सापडला नाही. शेवटी जहाजावरच्या बुकॅननने कोडं सोडवलं. नमुना टिकवण्यासाठी घातलेलं स्पिरिट आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की कॅल्शियम सल्फेटचा साका तयार होतो आणि बॅथिबियस म्हणजे तोच साका होता. हक्सलीने १८७५ मध्ये चूक जाहीरपणे मान्य केली. हेकेलने मात्र ती कल्पना सोडायला बराच वेळ घेतला.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. क्रम लावायची, वरचा-खालचा ठरवायची हीच सवय त्याने माणसांवरही लादली. त्याने मानवी वंशांची उतरंड मांडली, त्यात युरोपियनांना वर ठेवलं आणि तिला चित्रांची जोड दिली. विज्ञानाच्या वेशातला हा वंशवाद होता आणि पुढे त्याचा वापर करणारे लोकही निघाले. 'इकॉलॉजी' हा आज रोज वापरला जाणारा शब्द १८६६ मध्ये याच हेकेलने दिला. ही सगळी कामं एकाच माणसाची आहेत.

मग रेडिओलॅरियाची चित्रं खरी की खोटी? इथे हेकेलची बाजू बरीच मजबूत आहे, पण निर्दोष नाही. सांगाड्यांमधली सममिती त्याने खुलवून काढली, अशी टीका होते. त्याने वेगळ्या मानलेल्या अनेक प्रजाती म्हणजे एकाच प्रजातीची लहान-मोठी रूपं आहेत, असंही पुढे लक्षात आलं. पण असे सांगाडे समुद्रात खरंच आहेत. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सर्रास वापरात आल्यावर तीच जाळी, तेच काटे, तेच गोळ्यात गोळे फोटोत दिसले. रेडिओलॅरियाचे तज्ज्ञ आजही नाव ठरवताना त्या १४० पानांकडे वळतात.

बाटल्यांनी दीडशे वर्षांनी दिलेली साक्ष

चित्राची तपासणी करायची तर मूळ वस्तू हाताशी हवी. चॅलेंजरच्या लोकांचं मोठेपण इथे दिसतं. त्यांनी नमुने कुठे, कधी, किती खोलीवर मिळाले हे लिहून ठेवलं आणि नमुने जपले. आज त्यातले कित्येक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

या जपणुकीचा उपयोग त्यांनी कल्पनाही केली नसेल अशा कामाला झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी चॅलेंजरच्या नमुन्यांमधले फोरॅमिनिफेरा काढले. चुन्याचं कवच असलेले हेच ते जीव, ज्यांच्यावर हेन्री ब्रेडी यांनी १८८४ मध्ये ११५ चित्रपानांचा अहवाल केला होता. त्यांच्यासोबत 'तारा' या फ्रेंच संशोधन नौकेने २००९ ते २०१६ या काळात पॅसिफिकमधून गोळा केलेले त्याच प्रजातींचे जीव ठेवले. दोन्हींचं सीटी स्कॅन केलं, दवाखान्यात माणसाचं करतात तसंच, फक्त अतिसूक्ष्म पातळीवर.

निकाल काळजीत टाकणारा होता. आजच्या जिवांची कवचं जुन्या जिवांपेक्षा पातळ निघाली. एका प्रजातीत तर ७६ टक्क्यांपर्यंत.

याचं कारण काय असावं? कोळसा आणि तेल जाळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल बनतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच. पाणी थोडं आम्लतेकडे झुकलं की कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. समुद्र तापतोही आहे आणि त्याचाही या जिवांवर परिणाम होतो. कवचं पातळ होण्यामागे समुद्राच्या आम्लीकरणाचा मोठा वाटा असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. माशांच्या अन्नसाखळीचा पाया प्लवकांवर उभा आहे. शिवाय ही कवचं तळाशी जाताना कार्बनही सोबत घेऊन जातात. म्हणून केसाच्या जाडीपेक्षा पातळ असलेल्या कवचाची ही गोष्ट शेवटी बाजारातल्या बांगड्यापर्यंत आणि पावसापर्यंत येऊन पोहोचते.

आपल्या समुद्राचं काय?

चॅलेंजर भारताच्या किनाऱ्याला आलं नाही. ते केप टाऊनहून हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाने ऑस्ट्रेलियाकडे गेलं. इकडच्या खोल समुद्राचा शोध पुढे 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने घेतला. हे जहाज १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेलं. त्याने बंगालच्या उपसागरातून आणि अरबी समुद्रातून आणलेल्या मासे-खेकड्यांची चित्रं कलकत्त्यातल्या भारतीय चित्रकारांनी काढली. चौधरी आणि मंडल ही त्यांची आडनावं त्या चित्रपानांवर आजही दिसतात.

गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हिंदी महासागराच्या तळातला चिखल आणि त्यातले रेडिओलॅरिया यांचा अभ्यास तिथेही झाला आहे. या सांगाड्यांच्या थरांवरून हजारो वर्षांपूर्वी समुद्र किती थंड होता, वारे कसे होते याचा अंदाज बांधता येतो. अरबी समुद्राच्या बाबतीत त्याचाच अर्थ मान्सून कसा होता असा होतो.

कोकणात हिवाळ्याच्या रात्री लाटा निळ्या चमकतात आणि त्याचे रील्स व्हायरल होतात. तेही प्लवकच असतात, बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाचे. दिसायला सुंदर, पण त्यांची प्रचंड वाढ हे समुद्राचं आरोग्य बिघडल्याचंही लक्षण असू शकतं. म्हणजे इथेही तोच धडा मिळतो. सुंदर दिसतंय म्हणून थांबायचं नाही, त्यामागे काय चाललंय ते पाहायचं.

आज संशोधक वेगवेगळ्या फोकसचे पन्नास फोटो काढून कॉम्प्युटरवर एकत्र जोडतात. तरीही नवी प्रजाती जाहीर करताना अनेकदा शेजारी हाताने काढलेलं रेखाचित्र असतं, कारण कुठला काटा महत्त्वाचा आणि कुठला नाही हे दाखवायला अजूनही माणसाची नजर लागते. ती नजर हेकेलकडे होती. ती कधी किती घसरली हेही आज सांगता येतं, कारण त्याच्या चित्रांशी ताडून पाहायला काचपट्ट्यांवर अडकवलेले खरे सांगाडे आणि कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या नोंदी शिल्लक आहेत.

पुढच्या वेळी ते आकाशकंदिलासारखं चित्र स्क्रीनवर आलं आणि खाली कुणी विचारलं की हे एआय आहे का, तर सांगता येईल की हा जीव खरा आहे. आणि तो खरा आहे हे तपासायला लंडनमधल्या एका कपाटात काचपट्टीही ठेवलेली आहे.